मेंदूज्वर : आतली झुंज आणि आपले कर्तव्य

मे महिन्याची सुट्टी. मुंबईचे चाकरमानी राजापूरच्या वाड्यावाड्यांतून आपापल्या घरी आलेले असतात. अंगणात पोरांचा खेळ रंगात आलेला असतो. अशात एखाद्या पोराच्या पोटरीला कुत्रे दात लावून जाते. रक्त फारसे येत नाही. पोर रडते, आई धावत येते. ओटीवरून आजी म्हणते, "अगो, वाईच खरचटलंय. चुना लाव नि गप बस. पोटात चौदा सुया कोण घेणार?" आई चुना लावते. चार दिवसांत जखम सुकते. सुट्टी संपते आणि कुटुंब मुंबईला परत जाते.

दोन महिन्यांनी ते पोर तापाने फणफणते. पाण्याचा पेला पाहिला की त्याचा घसा आवळतो. वारा लागला तरी दचकते. मोठ्या इस्पितळात नेल्यावर डॉक्टर विचारतात, "याला कुत्रे चावले होते काय?" तेव्हा आईला मे महिन्यातली ती दुपार आठवते. पण आता फार उशीर झालेला असतो.

आता दुसरी गोष्ट पाहा. पावसाळ्याची रात्र आहे. पाच वर्षांच्या मुलीला सकाळपासून ताप आहे. रात्री तिला झटके येतात, डोळे फिरतात, ती आईला ओळखत नाही. कोणी म्हणते, बाहेरचे काहीतरी आहे. कोणी म्हणते, उजाडू दे, मग बघू. पण मुलीचा बाप ऐकत नाही. तिला पाठुंगळी घेऊन तो रस्त्यापर्यंत येतो, गाडी बोलावतो आणि रात्रीच इस्पितळ गाठतो. तीन आठवड्यांनी ती मुलगी चालत घरी येते.

वाचकहो, या दोन्ही गोष्टी कोणा एका घराच्या नाहीत. त्या आपल्यापैकी कोणाच्याही घरी घडू शकतात. दोन्हींत विषाणू मेंदूत शिरला. मग एक मूल गेले आणि एक वाचले, असे का? मेंदूत शिरलेल्या विषाणूशी आपले शरीर कसे लढते, कोठे जिंकते आणि कोठे हरते, हे समजले म्हणजे याचे उत्तर मिळते. त्याचबरोबर घरच्यांनी कोणत्या घडीला काय करायचे, हेही कळते.

मेंदूभोवतीचा बंदोबस्त

आपल्या रक्तातून पांढऱ्या पेशींची फौज सतत फिरत असते. बोटाला काटा रुतला तर ती फौज तेथे धावते. बोट लाल होते, सुजते, ठणकते. ही सूज म्हणजे लढाईची खूण असते. दोन-चार दिवसांत सूज उतरते आणि बोट पूर्ववत होते.

मेंदूला मात्र अशी सूज परवडत नाही. तो कवटीच्या बंद पेटीत आहे. बोट सुजले तर कातडी ताणते, पण मेंदू सुजला तर त्याला पसरायला जागाच नसते. त्याच्यावर दाब येतो आणि श्वास चालवणारी केंद्रेच चेपली जातात. म्हणून निसर्गाने मेंदूभोवती विशेष बंदोबस्त ठेवला आहे. मेंदूतील बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती इतक्या घट्ट विणलेल्या असतात की रक्तातील वाटेल ती वस्तू आत जाऊ शकत नाही. जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिक यांनी १८८५ च्या सुमारास प्राण्यांच्या रक्तात रंग टोचून पाहिला. सारी इंद्रिये रंगली, मेंदू मात्र कोराच राहिला. या बंदोबस्ताला डॉक्टर रक्त आणि मेंदू यांमधला अडसर म्हणतात.

पुढे कितीतरी वर्षे असे मानले जात होते की मेंदू शरीराच्या रोगप्रतिकारशक्तीपासून अलगच असतो. आज ते मत बदलले आहे. मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या स्वतःच्या पहारेकरी पेशी आहेत. त्या रात्रंदिवस आपल्या बारीक फांद्या हलवत आसपास चाचपत असतात. २०१५ साली अमेरिका आणि फिनलंड येथील शास्त्रज्ञांनी मेंदूच्या आवरणात लसिकावाहिन्या असल्याचे उंदरांमध्ये दाखवून दिले. मेंदूकडील बातमी या वाटेने मानेतील ग्रंथींपर्यंत पोचते आणि तेथे फौज तयार होते. म्हणजे मेंदू अलग नाही. त्याच्या दारावर कडक तपासणी आहे, एवढेच.

विषाणू आत येतो कसा

एवढा बंदोबस्त असूनही काही विषाणू आत येतातच. त्यांच्या मुख्य वाटा दोन. पहिली वाट रक्ताची. डास, वाळूमाशी किंवा गोचीड चावली की विषाणू रक्तात उतरतो, तेथे वाढतो आणि संधी मिळाली की अडसर ओलांडतो. जपानी मेंदूज्वराचा विषाणू असाच डासांतून येतो. आपल्या राज्यात भंडारा, गोंदिया यांसारख्या भातशेतीच्या जिल्ह्यांत तो आढळला आहे.

दुसरी वाट मज्जातंतूंची. हातापायांपासून पाठीच्या कण्यापर्यंत आणि तेथून मेंदूपर्यंत मज्जातंतूंचे जाळे आहे. पिसाळलेल्या कुत्र्याच्या लाळेतील विषाणू जखमेतून या तंतूत शिरतो आणि दोरीवर चढावे तसा हळूहळू वर सरकतो. तो रक्तात फिरतच नाही म्हटले तरी चालेल. हा फरक नीट लक्षात ठेवा, कारण पुढची सारी गोष्ट त्यावरच उभी आहे.

घर न जाळता उंदीर काढणे

शरीराच्या इतर भागांत विषाणू पेशीत शिरला की फौजेचा उपाय सरळ असतो. ती पेशीच मारून टाकायची, म्हणजे आतला विषाणूही संपतो. यकृताची किंवा कातडीची पेशी मेली तर तिच्या जागी नवी पेशी तयार होते.

मेंदूत हा हिशोब चालत नाही. भाताचे रोप मेले तर तेथे दुसरे रोप लावता येते. मेंदूतील चेतापेशीची लावणी पुन्हा होत नाही. चालणे, बोलणे, आईचा चेहरा ओळखणे हे सारे त्या पेशींतच असते. प्रत्येक बाधित पेशी मारली तर विषाणू जाईल, पण त्याबरोबर माणूसही जाईल. म्हणजे उंदीर काढायचा आहे, पण घर जाळायचे नाही, असा हा पेच आहे.

हा पेच शरीर कसे सोडवते? याचा शोध अमेरिकेतील बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात लागला. तेथे डायन ग्रिफिन आणि बेथ लेव्हिन या दोन महिला शास्त्रज्ञ आपल्या सहकाऱ्यांसह सिंडबिस नावाच्या विषाणूवर काम करत होत्या. हा विषाणू १९५२ साली इजिप्तमधील सिंडबिस या गावाजवळ डासांत सापडला होता. तो उंदरांच्या चेतापेशींत शिरतो. त्यांनी असे उंदीर घेतले की ज्यांना जन्मतःच लढाऊ पांढऱ्या पेशी नव्हत्या. अशा उंदरांच्या मेंदूत विषाणू तळ ठोकून राहत असे. मग त्यांना बाहेरून प्रतिपिंडे टोचली. प्रतिपिंड म्हणजे विशिष्ट विषाणूला ओळखून त्याला चिकटणारे प्रथिन. आश्चर्य असे की चेतापेशींतून विषाणू नाहीसा झाला आणि पेशी जिवंत राहिल्या. हे संशोधन १९९१ साली प्रसिद्ध झाले.

याचा अर्थ असा. विषाणू पेशीतून बाहेर पडताना त्याची प्रथिने पेशीच्या पृष्ठभागावर येतात. प्रतिपिंडे तेथे जाऊन चिकटतात. त्यामुळे पेशीच्या आत असे बदल होतात की विषाणूच्या नव्या प्रती तयार होणे थांबते. पेशी मरत नाही, पुन्हा आपल्या कामाला लागते.

प्रतिपिंडांच्या जोडीला आणखी एक हत्यार आहे. त्याचे नाव इंटरफेरॉन. लंडनमध्ये १९५७ साली आयझॅक्स आणि लिंडेनमान या शास्त्रज्ञांनी ते शोधले. त्याचे अनेक प्रकार आहेत. काही प्रकार बाधित पेशी स्वतः सोडतात आणि शेजारच्या पेशींना सावध करतात. विषाणू आला आहे, दारे लावून घ्या, असाच तो निरोप असतो. दुसरा एक प्रकार रक्तातून आलेल्या टी पेशी सोडतात. त्याच प्रयोगशाळेने २००१ साली दाखवले की पाठीच्या कण्यातील आणि मेंदूच्या खालच्या भागातील चेतापेशींतून विषाणू हटवायला हे टी पेशींचे इंटरफेरॉन मोठी मदत करते. मेंदूच्या वरच्या भागात मात्र भिस्त प्रतिपिंडांवरच राहते.

म्हणजे मेंदूतील लढाई जपून लढली जाते. पण जपून केलेले काम सावकाश होते. शत्रू ओळखून नेमकी प्रतिपिंडे पुरेशी तयार व्हायला साधारण आठवडाभर लागतो. शिवाय विषाणूचे अवशेष चेतापेशींत बराच काळ राहतात. म्हणून प्रतिपिंडे बनवणाऱ्या काही पेशी ताप उतरल्यावरही मेंदूत मुक्काम करून पहारा देतात.

पाठीतील पाण्याची तपासणी

मेंदूज्वराचा रुग्ण इस्पितळात नेला की डॉक्टर म्हणतात, "पाठीतले पाणी काढावे लागेल." हे ऐकले की घरचे घाबरतात. पाठीत सुई घातली की माणूस लुळा होतो, असा समज आपल्याकडे घट्ट बसला आहे. त्यापायी कित्येक जण सही द्यायला नकार देतात.

हा समज चुकीचा आहे. मेंदू आणि पाठीचा कणा यांच्याभोवती एक स्वच्छ द्रव असतो. मोठ्या माणसाच्या कमरेत जेथे सुई घालतात, त्याच्या वरच मज्जारज्जू संपलेला असतो. लहान मुलांच्या बाबतीत डॉक्टर आणखी खालची जागा निवडतात. त्यामुळे सुई मज्जारज्जूला लागत नाही. रुग्णाला पुढे लुळेपणा आला तर तो आजारामुळे येतो, सुईमुळे नव्हे. मेंदूवर फार दाब असेल तर डॉक्टर स्वतःच ही तपासणी पुढे ढकलतात.

या थेंबभर पाण्यात आतल्या लढाईची बातमी असते. पांढऱ्या पेशी आल्या आहेत काय, प्रतिपिंडे तयार झाली आहेत काय, आजार विषाणूचा आहे की जिवाणूचा, हे त्यातून कळते. जिवाणूचा असेल तर त्यावर औषधे आहेत. नागिणीच्या जातीतील हर्पीस विषाणूमुळे असेल तर ॲसायक्लोव्हिर हे औषध आहे, मात्र ते लवकर द्यावे लागते.

या पाण्याने आणखी एक गोष्ट शिकवली आहे. थायलंडमध्ये जपानी मेंदूज्वराच्या रुग्णांची तपासणी झाली आणि तिचे निष्कर्ष १९८५ साली प्रसिद्ध झाले. दाखल होताना ज्यांच्या पाठीतील पाण्यात प्रतिपिंडे भरपूर होती, त्यांच्यापैकी बहुतेक वाचले. ज्यांच्या पाण्यात प्रतिपिंडे कमी होती आणि जिवंत विषाणू सापडला, त्यांत मृत्यूचे प्रमाण फार मोठे होते. उंदरांच्या पिंजऱ्यात जे दिसले, तेच माणसांच्या खाटेवरही दिसले. शरीराची तयारी वेळेत झाली तर माणूस तरतो.

महाराष्ट्राने नाव दिलेला विषाणू

तयारीला वेळच मिळाला नाही तर काय होते, हे आपल्याच राज्यात नाव मिळालेल्या एका विषाणूने दाखवले आहे. १९६५ साली नागपूर भागात तापाची साथ आली होती. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने तेथील रुग्णांचे रक्त तपासले. हे केंद्र १९५२ साली सुरू झाले आणि आज राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते. दोन रुग्णांच्या रक्तात एक नवाच विषाणू मिळाला. ज्या ठिकाणी तो मिळाला त्यावरून त्याचे नाव चांदीपुरा असे पडले. शास्त्रज्ञ भट्ट आणि रॉड्रिग्ज यांनी १९६७ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली.

पुढे बरीच वर्षे त्याची कोणी फारशी दखल घेतली नाही. २००३ च्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात आंध्र प्रदेशात मुलांमध्ये मेंदूज्वराची मोठी साथ आली. ३२९ मुले आजारी पडली, त्यांपैकी १८३ दगावली. पुण्याच्या संस्थेने तपास केला तेव्हा तोच चांदीपुरा विषाणू पुढे आला. २००७ साली नागपूर विभागातही त्याने मुलांना गाठले. २०२४ च्या पावसाळ्यात गुजरातमध्ये पुन्हा उद्रेक झाला. त्या वर्षी जूनच्या सुरुवातीपासून १५ ऑगस्टपर्यंत देशात मेंदूज्वरासारख्या आजाराचे २४५ रुग्ण नोंदले गेले आणि ८२ मृत्यू झाले. त्यांपैकी ६४ रुग्णांत चांदीपुरा विषाणू असल्याचे तपासणीत सिद्ध झाले.

हा विषाणू वाळूमाशीच्या चाव्यातून येतो. ही माशी डासापेक्षाही लहान असते आणि मातीच्या भिंतींच्या भेगांत, गोठ्याच्या ओलसर कोपऱ्यांत राहते. तिचे मुख्य बळी पंधरा वर्षांखालील मुले असतात. या आजाराचा वेग भयंकर असतो. सकाळी ताप आलेले मूल रात्री बेशुद्ध होते आणि कित्येकदा एक-दोन दिवसांत सारे संपते. शरीराला प्रतिपिंडांसाठी आठवडा हवा असतो आणि विषाणू दोन दिवसही देत नाही.

यावर ना लस आहे ना खास औषध. मग इस्पितळात नेऊन उपयोग काय, असे कोणी विचारील. उपयोग हाच की इस्पितळ वेळ मिळवून देते. झटके थांबवणारे औषध, प्राणवायू, शिरेतून पाणी आणि साखर, मेंदूवरचा दाब कमी करण्याचे उपाय यांनी विषाणू मरत नाही. पण शरीराची फौज तयार होईपर्यंत मूल जिवंत राहण्याची शक्यता वाढते. वरच्या गोष्टीतील बापाने मुलीला रात्रीच नेले, तेव्हा त्याने तिच्या शरीराला हीच सवड मिळवून दिली.

कुत्र्याच्या चाव्यात फौजेला चाहूलच लागत नाही

आता पहिल्या गोष्टीकडे वळू. कुत्रे चावल्यापासून रोग दिसेपर्यंत बहुधा दोन-तीन महिने जातात. कधी आठवडाभरच, तर कधी वर्षाहून जास्त. एवढा वेळ असूनही शरीर का हरते?

कारण हा विषाणू चोरपावलांनी येतो. तो मज्जातंतूच्या आत राहतो. ज्या चेतापेशीत शिरतो तिला तो लवकर मारत नाही, त्यामुळे आरडाओरड होत नाही. मेंदूत पोचल्यावरही तो रक्त आणि मेंदू यांमधला अडसर बंदच राहू देतो. बाहेर रक्तात फौज असते, पण दार उघडत नाही. प्रयोगशाळेत दुबळा केलेला विषाणू उंदरांना टोचला तेव्हा तो अडसर उघडला, प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशी आत गेल्या आणि मेंदू साफ झाला. म्हणजे शरीराकडे ताकद आहे. रानटी विषाणू ती वापरूच देत नाही.

एकदा लक्षणे दिसली की हा रोग जवळजवळ नेहमीच प्राण घेतो. २००४ साली अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात वटवाघूळ चावलेली १५ वर्षांची मुलगी लस न घेताही वाचली. डॉक्टरांनी तिला औषधांनी बेशुद्ध ठेवले आणि तेवढ्या काळात तिच्या शरीराने प्रतिपिंडे तयार केली. पण तोच उपचार पुढे अनेकांवर केला, तेव्हा बहुतेकांच्या बाबतीत तो फसला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे या रोगाने जगात दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसे मरतात. त्यांतील बहुतेक आशिया आणि आफ्रिकेतील गरिबांच्या घरची असतात आणि त्यांत मुलांचे प्रमाण फार मोठे आहे.

म्हणून ही लढाई मेंदूत लढायचीच नाही, जखमेपाशीच जिंकायची. विषाणू मज्जातंतूत शिरण्याआधी साबण आणि पाणी त्याला मारू शकते. लस शरीराला प्रतिपिंडे बनवायला लावते. जखम खोल असेल तर तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन जखमेतच टोचतात, कारण लसीचा गुण यायला आठवडा-दीड आठवडा लागतो. बाल्टिमोरच्या उंदरांना बाहेरून प्रतिपिंडे दिली होती, त्यातलाच हा प्रकार आहे.

आणि आजीच्या त्या चौदा सुया? ती लस मेंढीच्या मेंदूपासून करत असत आणि पोटात टोचत असत. ती त्रासदायक होती हे खरेच. भारतात २००४ च्या अखेरीस ती बंद झाली. आज दंडात चार किंवा पाच वेळा लस देतात, अगदी लहान मुलांना मांडीत. सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळते. आजीची भीती तिच्या काळात खरी होती, पण तो काळ आता गेला.

गोवर आणि माकडताप

गोवराला आपण किरकोळ समजतो. पण ज्या मुलाला दोन वर्षांच्या आत गोवर येतो, त्याच्या मेंदूत क्वचित तो विषाणू दडून राहतो. बिघडलेल्या रूपात तो चेतापेशीतून पेशीत सरकत राहतो आणि प्रतिपिंडे भरपूर असूनही हाती लागत नाही. सहा ते दहा वर्षांनी शाळेत हुशार असलेले मूल विसरू लागते, हातातल्या वस्तू पडू लागतात, झटके येतात. त्या आजाराला खात्रीचा इलाज नाही. गोवराची लस मात्र आहे. नऊ महिने पूर्ण झाल्यावर एक आणि सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान दुसरी, एवढ्याने हे संकट टळते.

आपल्या शेजारच्या सिंधुदुर्गात, दोडामार्ग भागात, २०१६ साली माकडतापाचे रुग्ण आढळले. १९५७ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात हा रोग प्रथम ओळखला गेला. तो गोचिडीच्या चाव्यातून येतो. जंगलात माकडे मरून पडू लागली की ती धोक्याची खूण समजावी. काही रुग्णांचा ताप एकदा उतरतो आणि आठवडा-दोन आठवड्यांनी पुन्हा येतो. तेव्हा मान आखडते, हात थरथरतात, माणूस बरळतो. काजूच्या बागेत आणि रानात मजुरीला जाणाऱ्या माता-भगिनींनी अंगभर कपडे घालावेत, घरी आल्यावर अंग तपासावे आणि मेलेल्या माकडाची खबर आरोग्य केंद्राला द्यावी.

घरच्यांनी काय करावे

आपल्या वाड्या डोंगरउतारावर आहेत. कित्येक ठिकाणी अजून आजारी माणसाला डोलीतून रस्त्यापर्यंत आणावे लागते. पावसाळ्यात अर्जुना आणि कोदवलीचे पाणी राजापूरच्या जवाहर चौकात शिरले की बाजारपेठच अडते. रत्नागिरीचे जिल्हा रुग्णालय तर साठ किलोमीटरहून लांब. ज्यांना वाट लांब आहे, त्यांनी लवकर निघाले पाहिजे.

धर्मांतरानंतर आपल्या घरांतून अंगारे-धुपारे गेले. तरीही रात्री मूल झटके देऊ लागले की कोणीतरी हळूच भगताचे नाव काढतो. भीतीपोटी माणूस काहीही करतो, म्हणून त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण झटके हे मेंदूतील सुजेचे लक्षण आहे आणि भगताकडे गेलेला प्रत्येक तास त्या मुलाच्या लढाईतून वजा होतो.

म्हणून पुढील गोष्टी कापून भिंतीवर लावा :

१. तापाबरोबर झटके, बेशुद्धी, बरळणे, मान आखडणे, सतत उलट्या यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नका. १०८ क्रमांकावर गाडी बोलावा.

२. झटका आलेल्या मुलाला कुशीवर झोपवा. तोंडात चमचा, पाणी, औषध काही घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवू नका. झटका किती वेळ होता ते डॉक्टरांना सांगा.

३. पाठीतील पाण्याच्या तपासणीला भिऊन नकार देऊ नका. शंका असेल तर डॉक्टरांना विचारा. विचारणे हा आपला हक्क आहे.

४. कुत्रे, मांजर, माकड, कोल्हा यांनी चावले किंवा ओरबाडले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा. चुना, मिरची, हळद, तेल लावू नका. त्याच दिवशी लस सुरू करा आणि सांगितलेल्या तारखा चुकवू नका. कुत्रे पाळीव आहे, धडधाकट आहे, म्हणून थांबू नका.

५. गावी पहिली सुई घेतली आणि मुंबईला जायचे झाले, तर कागद बरोबर न्या. पुढच्या सुया मुंबईच्या सरकारी किंवा महापालिकेच्या दवाखान्यात घेता येतात.

६. मुलांच्या लसीचे कार्ड जपा. राहिलेली लस उशिरा का होईना, विचारून घ्या.

७. भिंतीच्या भेगा बुजवा, गोठा कोरडा ठेवा, मुलांना मच्छरदाणीत झोपवा.

मेंदूज्वरातून उठलेल्या मुलाबद्दल शेवटी एक सांगायचे आहे. ताप उतरला म्हणजे सारे संपले असे नसते. सुजलेला भाग सावरायला महिने लागतात. मूल चिडचिडे होते, अभ्यास विसरते, हात नीट चालत नाही. त्याला वेडे म्हणू नका, शाळेतून काढू नका. डॉक्टर सांगतील तो व्यायाम रोज करून घ्या आणि गुरुजींना आजार समजावून सांगा. त्याच्या चेतापेशी शरीराने मोठ्या निगुतीने वाचवलेल्या असतात. त्यांना पुन्हा कामाला लावणे हे आपले काम आहे.

हा लेख वाचून झाला की घरातल्या आजीला मोठ्याने वाचून दाखवा. महिला मंडळाच्या बैठकीत वाचा. मे महिन्यात गावी जाताना हा अंक पिशवीत टाका. चुना लाव म्हणणारी आजीच उद्या, "अगो, आधी साबणाने धू आणि एस.टी. पकड," असे म्हणू लागली तर एखादे पोर नक्की वाचेल.